हळदीचं पेटंट, नरक्याचं झाड आणि ग्रामपंचायतीतली वही

सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीचे सौदे चालू असले की खरेदीदार एक गोष्ट न चुकता करतो. ढिगात हात घालून एक हळकुंड काढतो, कटकन मोडतो आणि आतला रंग बघतो. माझे मामा एका अडत दुकानात दिवाणजी होते. शाळेला सुट्टी लागली की मी त्यांच्या गादीशेजारी बसून तो मोडण्याचा आवाज ऐकत असे. मामा म्हणायचे, नीट वाळलेलं हळकुंड बोलतं, ओलं राहिलेलं नुसतं वाकतं. त्यांच्या बोटांची पेरं हंगामभर पिवळी असायची, कितीही साबण लावला तरी.

जंगलं आणि जैवविविधता वाचवण्यासाठी देशादेशांत जे करार झाले, त्यांच्याबद्दल लिहायला बसलोय आणि सुरुवात हळदीपासून करतोय, कारण हे करार नेमके कशाला हवेत ते मला पहिल्यांदा हळदीच्या भांडणातून कळलं. वाघ, पाणथळी, वितळणारा बर्फ हे सगळं बातम्यांत होतंच. पण आपल्या यार्डातल्या मालावरून अमेरिकेत दावा लागला म्हटल्यावर कान टवकारले गेले.

२८ मार्च १९९५ रोजी अमेरिकेत पेटंट क्रमांक ५४०१५०४ मंजूर झालं. विषय होता जखम भरून येण्यासाठी हळदीचा वापर. पेटंट मिळालं मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला, आणि ते शोधणारे दोघेही भारतीय वंशाचे. म्हणजे गुडघा फुटल्यावर त्यांच्याही आयांनी हळद दाबली असणार! इकडे 'हळद आता अमेरिकेची झाली' अशी ओरड झाली. ती तशी खरी नव्हती. पेटंट हळदीच्या पिकावर नव्हतं, एका वापरावर होतं, आणि तेही अमेरिकेपुरतं. सांगलीतून पोती जायची थांबणार नव्हती. पण तिथं कुणी जखमेवर लावायची हळद विकायला निघालं असतं, तर आधी या पेटंटवाल्यांची परवानगी काढावी लागली असती.

हे मंजूर कसं झालं, हा खरा प्रश्न. पेटंट नव्या गोष्टीला मिळतं. हळद जखमेवर लावणं नवं नाही हे आपल्याकडे शेंबडं पोरही सांगेल. पण त्या काळच्या अमेरिकी कायद्यात एक मेख होती. परदेशातले लोक एखादी गोष्ट नुसती करतात, जाणतात, एवढ्यानं ती जुनी ठरत नसे. ती कुठंतरी छापलेली दाखवावी लागे. आजीला ठाऊक होतं हा पुरावा नव्हता. आजीनं छापलं होतं का, हा प्रश्न होता.

मग डॉ. रघुनाथ माशेलकर ज्या संस्थेचे महासंचालक होते, त्या वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेनं १९९६ मध्ये पेटंटला आव्हान दिलं. संस्कृत, उर्दू, हिंदीतले जुने ग्रंथ धुंडाळून बत्तीस संदर्भ गोळा केले. काही शंभर वर्षांहून जुने. त्यात भारतीय वैद्यक संघटनेच्या नियतकालिकातला १९५३ चा एक लेखही होता. ऑगस्ट १९९७ मध्ये पेटंट रद्द झालं. विकसनशील देशाच्या परंपरागत ज्ञानावर दिलेलं पेटंट असं आव्हान देऊन रद्द होण्याची ही पहिलीच वेळ मानली जाते. जिंकलो ते लिहिलेलं सापडलं म्हणून. पुढं २००१ पासून सरकारनं आयुर्वेद, युनानी, सिद्ध ग्रंथांतल्या नोंदी इंग्रजी, फ्रेंच, जर्मन, स्पॅनिश आणि जपानीत आणून पेटंट कार्यालयांना दाखवायची सोय केली, ती याच धड्यावरून. पण त्यात ग्रंथातलं ज्ञान आलं. धनगरवाड्यावरचं, कातकरी वस्तीवरचं, कुठंच न लिहिलेलं ज्ञान त्यात कसं यायचं? ही गोष्ट लक्षात ठेवा, शेवटी तिच्याकडे परत यायचं आहे.

आता करारांकडे. पूर्वी जगात अशी समजूत होती की रोपं, बिया, प्राणी ही अख्ख्या मानवजातीची सामाईक ठेव. अगदी १९८३ मध्येही संयुक्त राष्ट्रांच्या अन्न आणि कृषी संघटनेच्या कागदपत्रांत हीच भाषा होती. ऐकायला उदार वाटते. पण सामाईक ठेवीतून कोण काय उचलतो ते बघितलं की डोकं खाजवावं लागतं. जंगलं बहुतेक करून गरीब, उष्ण देशांत. प्रयोगशाळा आणि पेटंट वकील श्रीमंत, थंड देशांत. पान फुकट न्यायचं, गोळी करून विकत पाठवायची. आपल्या भाषेत सांगायचं तर ऊस सामाईक आणि साखर कारखान्याची.

१९९२ च्या जूनमध्ये ब्राझीलच्या रिओ दी जानेरोत वसुंधरा परिषद भरली आणि जैवविविधता करार सह्यांसाठी खुला झाला. २९ डिसेंबर १९९३ पासून तो लागू झाला. भारत १९९४ च्या फेब्रुवारीत त्यात आला. आज त्याचे १९६ सदस्य आहेत. अमेरिकेनं सही केली, पण तिच्या सिनेटनं मान्यता दिली नाही, म्हणजे ज्या देशात हळदीचं पेटंट निघालं तो आजही या कराराच्या बाहेर बसलेला आहे. करारानं तीन गोष्टी कबूल करून घेतल्या: जीवसृष्टी राखायची, ती वापरायची तर पुन्हा उगवेल अशा बेतानं, आणि त्या वापरातून पैसा झाला तर मूळ मालकाला वाटा द्यायचा. पहिल्या दोन गोष्टींवर सभेत कुणी हात वर करून विरोध करत नाही. तिसरीवरूनच तीस वर्षं भांडण चाललंय. जीवसंपत्तीवर त्या त्या देशाचा हक्क आहे, परवानगीशिवाय न्यायची नाही, आणि नेताना अटी ठरवायच्या, हे करारात स्पष्ट आहे.

सांगली-साताऱ्याच्या माणसाला हे चटकन कळावं म्हणून मी नेहमी उसाचं उदाहरण देतो. उसाची नोंद कारखान्यात लावलेली असते. कुणाचा फड, किती क्षेत्र, लागण कधीची. वजनकाट्यावर पावती मिळते. त्या नोंदीवर आणि पावतीवर दर मागता येतो, वेळ आली तर रस्त्यावर उतरून भांडताही येतं. नोंदच नसेल तर तोडणीची टोळीही तुमच्या बांधाकडे फिरकत नाही. जैवविविधता करारानं जगाला सांगितलं की रानातल्या पाल्यालाही दर आहे. पण त्या पाल्याची नोंद कुठंय, आणि वजनकाटा कुठंय?

इथं नरक्याची गोष्ट सांगायला हवी. नरक्या हे सह्याद्रीतलं लहानसं झाड. कोयना, चांदोलीपासून खाली आंबोलीपर्यंतच्या पट्ट्यात सापडणारं. फुलांना असा वास की नाव नरक्या पडलं. १९६६ साली अमेरिकेत मनरो वॉल आणि मनसुख वाणी या संशोधकांनी एका चिनी झाडाच्या सालीतून कॅम्पटोथेसिन नावाचं द्रव्य वेगळं केलं, कर्करोगाच्या पेशींना आवर घालणारं. त्या चिनी झाडाचं तिकडचं नाव 'आनंदाचं झाड' अशा अर्थाचं आहे. पुढं सत्तरच्या दशकात भारतीय रसायनशास्त्रज्ञांना तेच द्रव्य आपल्या नरक्यात सापडलं, आणि तेही भरपूर. तिकडे आनंद, इकडे नरक, आणि आत औषध एकच. या द्रव्यापासून पुढं दोन औषधं निघाली. आयरिनोटेकन आतड्याच्या कर्करोगावर वापरतात, टोपोटेकन बीजाशयाच्या. नव्वदच्या दशकात ती बाजारात आली आणि नरक्याच्या लाकडाला मागणी आली. तुकडे करून, पोत्यांत भरून ते जपान-स्पेनपर्यंत गेले.

झाड तोडणाऱ्याला त्यातलं काय माहीत असणार? त्याला मजुरी मिळत होती. सरपणाच्या भावात झाड जात होतं. मुळासकट उपटलेलंही जात होतं, कारण मुळातही द्रव्य असतं. नरक्या आज पश्चिम घाटातल्या धोक्यात आलेल्या झाडांत मोडतो आणि त्याच्या चोरट्या तोडीच्या बातम्या अजूनही येतात. कराराच्या तिन्ही गोष्टी या एका झाडावर पडताळून बघा. राखलं गेलं नाही, बेतानं वापरलं गेलं नाही आणि वाटा तर मिळालाच नाही. मला या गोष्टीचा राग येतो, पण रागावून कुणाला धरावं तेही कळत नाही. त्या औषधानं माणसं जगतात, हेही खरंच आहे.

रिओच्या करारात वाटा द्यायचा असं म्हटलं होतं, कसा ते नव्हतं. ते ठरायला २०१० चा ऑक्टोबर उजाडला. जपानमधल्या नागोया शहरात जो पूरक करार झाला, तो २०१४ पासून लागू आहे आणि भारत त्यात २०१२ मध्येच गेला. त्यातली कळीची युक्ती पावतीची आहे. माल देणाऱ्या देशानं परवानगीचं प्रमाणपत्र द्यायचं, ते जगाला दिसेल अशा ठिकाणी नोंदवायचं, आणि माल वापरणाऱ्या देशानं आपल्याकडे नाके ठेवायचे. तिथं संशोधकाला, कंपनीला विचारायचं, 'हे आणलंस कुठून?' अशी प्रमाणपत्रं देण्यात भारत जगात सगळ्यांच्या पुढं आहे. अर्थात पावती तोच घेतो जो काट्यावर जातो. रात्री आडवाटेनं गेलेल्या ट्रकला पावती नसते.

आडवाटेच्या ट्रकसाठी वेगळा करार आहे आणि तो जुना आहे. धोक्यातल्या वन्यजीवांच्या व्यापारावरचा सायटीस, १९७३ चा. आपल्याकडचं खवल्या मांजर घ्या. नखाच्याच द्रव्याचे खवले अंगावर घेऊन मुंग्या-वाळवी खाणारा गरीब प्राणी, भीती वाटली की चेंडूसारखा गुंडाळून बसतो. त्यामुळे त्याला उचलणं पोराटोरांनाही जमतं. त्याच्या खवल्यांना चिनी औषधांत मागणी. २०१६ मध्ये जोहान्सबर्गच्या बैठकीत जगातल्या आठही जातींच्या व्यापारावर संपूर्ण बंदी आली. २०२० मध्ये चीननं आपल्या औषधांच्या अधिकृत यादीतून हे खवले काढून टाकले. सातारा-सांगलीच्या डोंगरातला प्राणी वाचायचा तर निर्णय चीनमध्येही व्हावा लागतो. आंतरराष्ट्रीय सहकार्य म्हणजे काय, याचं यापेक्षा साधं उदाहरण मला सुचत नाही.

आणि जंगलांचं काय? गंमत म्हणा किंवा शोकांतिका म्हणा, पण जंगलांसाठी जगाचा असा वेगळा, बंधनकारक करार आजवर झालेलाच नाही. रिओत तो करायचं घाटत होतं. मलेशिया, भारत वगैरे देशांनी विरोध केला. त्यांचं म्हणणं सरळ होतं: तुम्ही तुमची जंगलं तोडून श्रीमंत झालात, आता आमची राखा म्हणून सांगताय, तर खर्च कोण देणार? शेवटी कुणालाच न बांधणारी तत्त्वं तेवढी कागदावर आली. हे भांडण चांदोलीच्या माणसाला नवीन वाटणार नाही. १९८५ चं अभयारण्य, २००४ चं राष्ट्रीय उद्यान, २०१० पासून कोयना धरून सह्याद्री व्याघ्र प्रकल्प. वारणेच्या धरणासाठी आणि नंतर या रानासाठी उठलेल्या गावांनी पर्यायी जमिनीसाठी वर्षानुवर्षं आंदोलनं केली. रान सगळ्यांचं आणि गाव तेवढं आमचं उठवायचं, हा त्यांचा प्रश्न आणि रिओतल्या मलेशियाचा प्रश्न एकाच जातीचा आहे.

खर्चाचं उत्तर काही ठिकाणी निघालं. ॲमेझॉन राखण्यासाठी ब्राझीलनं २००८ मध्ये निधी काढला, त्यात नॉर्वेनं सर्वांत जास्त पैसे घातले. २०१९ मध्ये ब्राझीलचं सरकार बदललं तसा तो गोठला आणि पुन्हा सरकार बदलल्यावर २०२३ मध्ये सुरू झाला. म्हणजे यातही निवडणुका आहेतच. आपल्याकडे पश्चिम घाटातल्या ३९ जागा २०१२ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेल्या. महाराष्ट्रातल्या चार: कास, कोयना, चांदोली, राधानगरी. वारसा झाला म्हणून कुणी पैशाची पेटी पाठवत नाही की पहारेकरी. उद्या इथं खाण काढायचं म्हटलं तर जगापुढं उत्तर द्यावं लागतं, एवढंच. तेवढ्यानंही कधीकधी हात आखडतो. कासला सप्टेंबरात होणारी गर्दी मात्र वारशामुळे वाढली की आणखी कशानं, हा वाद मी इथं काढत नाही.

अलीकडचं सांगायचं तर २०२२ च्या डिसेंबरात माँट्रियलमध्ये जैवविविधता करारातल्या देशांनी २३ लक्ष्यं मान्य केली. त्यातलं गाजलेलं म्हणजे २०३० पर्यंत जमीन आणि समुद्राचा तीस टक्के भाग राखणं. पण मला जास्त महत्त्वाचं वाटतं ते दुसरंच भांडण. आता पान न्यायची गरजच उरलेली नाही. वनस्पतीच्या जनुकांची अक्षरमाला एकदा संगणकावर चढली की जगात कुठंही बसून ती वाचता येते आणि हवं ते द्रव्य प्रयोगशाळेत बनवता येतं. नरक्याचं पोतं नाही, ट्रक नाही, नाका नाही. मग वाटा कशावर मागायचा? यावर तोडगा म्हणून कोलंबियातल्या काली शहराच्या नावानं निधी काढायचं ठरलं आणि २०२५ च्या फेब्रुवारीत तो सुरू झाला. अशी माहिती वापरून कमावणाऱ्या मोठ्या कंपन्यांनी नफ्याच्या एक टक्का किंवा विक्रीच्या ०.१ टक्का त्यात टाकावा, आणि त्यातला निदान अर्धा आदिवासी व स्थानिक लोकांना जावा. टाकावा, असं आहे. टाकलाच पाहिजे, असं नाही. गणपतीच्या वर्गणीत यापेक्षा जास्त सक्ती असते.

आता हे सगळं खाली उतरतं कसं ते बघू. रिओचा करार निभावण्यासाठी भारतानं २००२ मध्ये जैवविविधता कायदा केला. वर राष्ट्रीय प्राधिकरण, चेन्नईत. मध्ये राज्य मंडळ, आपलं नागपूरला. आणि तळाशी प्रत्येक ग्रामपंचायतीत, नगरपालिकेत जैवविविधता व्यवस्थापन समिती. तिचं इंग्रजी लघुरूप बीएमसी होतं, त्यामुळे आपल्या राज्यात कुणाला सांगायला गेलं की समोरचा मुंबई महापालिकेबद्दल बोलायला लागतो. या समितीनं लोक जैवविविधता नोंदवही करायची: गावात कुठली झाडं, कुठले मासे, भाताच्या कुठल्या जुन्या जाती, कुणाला कुठलं औषध ठाऊक. परदेशी कंपनीला आपली जीवसंपत्ती संशोधनासाठी हवी तर चेन्नईची परवानगी लागते. व्यापारी आणि कारखानदारांनी किती टक्के द्यायचे ते २०१४ मध्ये ठरलं. जिथून माल आला त्या समितीकडे त्यातला ९५ टक्के वाटा जायचा. एका मोठ्या आयुर्वेदिक कंपनीनं 'आम्ही तर भारतीयच, आम्हाला कशाला?' असा वाद घातला, तेव्हा २०१८ मध्ये उत्तराखंड उच्च न्यायालयानं तुम्हालाही द्यावा लागेल असं सांगितलं. २०२३ च्या दुरुस्तीनं मात्र बऱ्याच सवलती दिल्या. लागवड केलेल्या औषधी वनस्पती आणि ग्रंथातलं ज्ञान वाट्यातून सुटलं. यार्डातली हळद माल म्हणून विकली जाते, तिला हा जाच आधीही नव्हता. माझं मत विचाराल तर लागवडीला सूट देणं शहाणपणाचं, पण रानातला पाला लागवडीचा म्हणून खपवायची वाट त्यातनं मोकळी झाली.

कागदावर साखळी पक्की आहे. रिओ, नागोया, चेन्नई, नागपूर, ग्रामपंचायत. आता शेवटची कडी कशी आहे ते बघा.

नोंदवह्यांचं काम वर्षानुवर्षं रेंगाळलं. मग राष्ट्रीय हरित लवादानं ३१ जानेवारी २०२० ची मुदत घातली आणि त्यानंतर राज्यांना महिना दहा लाखांचा भुर्दंड लावला. साहजिकच देशभर वह्यांचा पाऊस पडला. आज कागदोपत्री अडीच लाखांहून जास्त समित्या आहेत. वनस्पतिशास्त्र शिकवणारा माझा एक मित्र गेल्या वर्षी शिराळा तालुक्यातल्या एका गावची वही दुरुस्त करून द्यायला निघाला, मीही त्याच्यासोबत गेलो. गावाचं नाव घेत नाही. कपाटातून मतदार याद्यांच्या खालून वही निघाली. सुबक बांधणी, रंगीत मुखपृष्ठ. औषधी वनस्पतींच्या पानावर तुळस, कोरफड, कडुलिंब. बरं. पुढच्या पानावर खारफुटी! शिराळ्यात खारफुटी यायची तर समुद्राला आधी सह्याद्री चढावा लागेल. कुणा ठेकेदारानं कोकणातल्या गावची वही उचलून वर नाव बदललं होतं. नरक्याचा उल्लेख कुठंच नव्हता. ग्रामसेवक ओशाळून म्हणाले, 'साहेब, मुदत होती.'

मग आम्ही वर धनगरवाड्यावर गेलो. गुरांचं औषधपाणी जाणणारी एक म्हातारी आजी तिथं आहे असं कळलं होतं. पोट फुगलेल्या गाईला ती कसलातरी पाला वाटून पाजते आणि तासाभरात गाय उठते, असं खाली गावात सगळे सांगत होते. आजीनं चहा दिला, बिनदुधाचा, म्हणाली म्हशी आटल्यात. मित्रानं वही उघडली. वनस्पतीचं नाव, कुठला भाग वापरतात, कशासाठी, माहिती देणाऱ्याचं नाव, असे रकाने. त्यानं तिला हळदीची सगळी गोष्ट सांगितली. अमेरिका, पेटंट, लिहिलेलं नसलं की कसं हातातनं जातं ते. तिनं नीट ऐकून घेतलं.

'तू लिवनार. मग ही वही कुठं ऱ्हानार?'

'पंचायतीत, आजी.'

'आन् तितनं?'

मित्र जरा अडखळला. नागपूरला एक प्रत जाते म्हणाला. ज्याला त्याला दाखवायची नाही असा नियम आहे, हेही म्हणाला.

'पर दाखवली तर?'

याला आमच्याकडे उत्तर नव्हतं. लिहिलं नाही तर उद्या कुणीतरी हे नवीन म्हणून आपल्या नावावर लावेल. लिहिलं तर वाचणारा उद्या इथला पाला पोत्यानं भरून नेईल. नरक्याचं दुसरं काय झालं?

आजी थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, 'आसं लिव, गाय फुगली की म्हातारीला हाक मारायची.'

मित्रानं शेऱ्याच्या रकान्यात ते जसंच्या तसं लिहिलं. वनस्पतीच्या नावाचा रकाना अजून कोराच आहे.